टू की आयएनजी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका अपार्टमेंटच्या गेटवर नवी पाटी लागलीय. पिवळ्यावर लाल अक्षरांत, ‘प्लीज अव्हॉइड टू पार्क हिअर’. खाली ओळीनं स्कूटर लावलेल्या. भर दुपारी औषधं आणायला निघालो होतो, डोकं तापलेलं, तरी पाय थबकलेच. अव्हॉइडच्या पुढं टू? चेअरमन गेटातच उभे होते. म्हटलं, “अहो, तिथं पार्किंग पाहिजे.” ते उसळले, “पार्किंग नको म्हणून तर पाटी लावलीय ना!”

पुढं काय बोलणार? निघालो.

हा रोग आमच्या इंग्रजीच्या सरांनी लावलेला. गावभागातल्या एका वाड्याच्या माडीवर त्यांची शिकवणी चालायची. क्रियापदांच्या त्यांनी दोन आळ्या केल्या होत्या. वाँट, होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस ही टूवाली मंडळी, म्हणजे पुढच्या क्रियापदाआधी टू मागणारी. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट ही त्याच्या शेपटाला आयएनजी मागणारी. सतरंजीवर मांडी घालून आम्ही ती पाढ्यांसारखी म्हणायचो आणि पाढ्यांसारखंच कारण विचारायचं नसतं, असं धरून चालायचो. एकदा कुणीतरी विचारलंच. सर म्हणाले, “होपमध्ये काम अजून व्हायचंय. एन्जॉयमध्ये ते चालू आहे. व्हायचंय तिथं टू, चालू आहे किंवा झालंय तिथं आयएनजी.” क्षणभर सगळं लख्ख दिसलं. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, “मग सजेस्ट, सर? त्यातबी काम व्हायचंच असतंय की.”

सरांनी तपकिरीची डबी काढली.

तपकीर होती म्हणून आम्हाला स्टॉप कळला. फळ्यावर दोन वाक्यं कायमची असायची. ‘आय स्टॉप्ड टेकिंग स्नफ.’ ‘आय स्टॉप्ड टू टेक स्नफ.’ सर म्हणायचे, “पहिलं वाक्य काकूंना ऐकायचंय. दुसरं मी आत्ता करून दाखवतो.” आणि शिकवणं थांबवून नाकात चिमूट. आतून काकूंचा आवाज यायचा, “ऐकू येतंय हं मला!” स्टॉपबद्दल याहून जास्त सांगणारं व्याकरण मी अजून पाहिलेलं नाही.

खरं तर हा फरक आपल्याला नवा नाही. ‘दूध आणायला विसरलास?’ म्हटलं की चहा कोरा. ‘दूध आणलेलं विसरलास?’ म्हटलं की घरात दोन पिशव्या आणि फ्रिजमध्ये जागा नाही. आमच्या आजीनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण यात ती कधी गोंधळली नाही. मग तेच फरगेट इंग्रजीत पुढ्यात आलं, की टू लावायचा की आयएनजी, म्हणून आपल्याला घाम का फुटावा? यावर मला काहीतरी महत्त्वाचं म्हणायचं होतं. पण आजीबरोबर मिरज जंक्शन आठवलं, आणि ते राहिलं.

आत्याकडं जाताना मिरजेला गाडी बदलायची असायची. हातात वेळच वेळ. ‘वेटिंग रूम’ अशी पाटी दिसली, की सरांचा प्रश्न आठवायचा, “खोली वाट बघत बसलीय काय रे?” नाही. वाट बघण्यासाठी असलेली खोली, म्हणून हे वेटिंग जेरंड, म्हणजे क्रियापदाचं झालेलं नाम. बाकावर पेंगणारा माणूस मात्र खरोखर वाट बघतोय, म्हणून वेटिंग पॅसेंजर म्हटलं की ते पार्टिसिपल, म्हणजे क्रियापदाचं झालेलं विशेषण. नळावरचं ‘ड्रिंकिंग वॉटर’ बघून मी आजीला विचारलं होतं, पाणी काय पितंय? तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

काही क्रियापदं मात्र मोठ्या मनाची. बिगिन आणि स्टार्टला दोन्ही चालतं. ‘इट स्टार्टेड टू रेन’ म्हणा, नाहीतर ‘रेनिंग’ म्हणा. तसाही सांगलीत एकदा पाऊस लागून राहिला, की सगळ्यांचे डोळे आयर्विन पुलापाशी, कृष्णेच्या पाण्याकडं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. तिथं कुणी क्रियापदं बघत नाही.

आणि सगळ्यात अवघड जागा ‘लुकिंग फॉरवर्ड टू’. इथला टू दिसायला तोच, पण शब्दयोगी; म्हणून त्याच्यापुढं आयएनजी. टूची सवय लागलेला माणूस इथं हटकून घसरतो.

भिंतीकडून सजेस्टचं विचारणारा मुलगा त्या दिवसानंतर इंग्रजीत फारसा बोललाच नाही. एवढी शंका काढली, पण वाक्य करायला उभं केलं, की टू म्हणू की आयएनजी यातच त्याची जीभ अडकायची. आम्ही हसायचो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून ते पहिलीपासून आलं, तरी ती अडकलेली जीभ मला अजून शिकवण्यांच्या दारात दिसते.

तो आता हळदीच्या व्यापारात आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून जरा जास्तच रुबाबात असतो. मध्यंतरी मार्केट यार्डात भेटला, तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला मेल लिहीत होता. डोकावलो. ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू सेंड यू बेस्ट हळदी.’ माझा चेहरा बघून म्हणाला, “काय, चुकलं का?”

“सेंडिंग पाहिजे,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाला आणि तसंच पाठवलं. “त्याचं इंग्रजी माझ्याहून वंगाळ हाय. पण पैसे वेळेवर टाकतोय.”