पळणाऱ्यांनी चालायला शिकताना

पन्नाशीनंतर गुडघे किंवा टाचा कुरकुरायला लागल्या की बरेच हाफ-फुल मॅरेथॉनवाले रेस वॉकिंगकडे, म्हणजे ठरावीक नियमांनी वेगात चालण्याच्या शर्यतीकडे, वळतात, आणि ते योग्यच आहे. पळताना दर पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. इथे तो बराच कमी असतो. गोम एकच. दम आधीच कमावलेला असतो, नडगीचा स्नायू मात्र पूर्ण नवखा. म्हणून पहिल्या दिवशी दहा किलोमीटरला निघू नये.

नियम दोन. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले साध्या डोळ्यांना दिसता कामा नयेत. आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्याच्या बरोबर वर येईपर्यंत गुडघा सरळ हवा. सरळ म्हणजे मागे कोंबलेला नव्हे. गुडघ्याची झीज असेल तर हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. पळणाऱ्यांना हा दुसरा नियम फार जड जातो. गुडघा वाकतो तो बहुधा पाऊल फार लांब टाकल्यामुळे. टाच शरीराच्या थोडीच पुढे टेकवायची, चवडा वर. लांबी मिळवायची ती मागच्या पायाच्या ढकलण्यातून. कंबर पुढे-मागे फिरते, तेव्हा पावलं जवळजवळ एका रेषेवर पडतात. ट्रॅकच्या पांढऱ्या रेषेवर चालून हे तपासता येतं. कोपर साधारण काटकोनात, मूठ सैल. खांदे चढले की शरीर उसळतं आणि पाय सुटतो.

पहिला महिना आठवड्यातून तीनच दिवस: पंधरा मिनिटं साधं चालणं, मग 100 मीटरचे आठ तुकडे, मध्ये मिनिटभर विसावा. पुढे 200, मग 400. उजवं पाऊल 30 सेकंदांत 40 वेळा पडलं तर मिनिटाला 160 पावलं झाली. सुरुवातीला तेवढी पुरेत. नंतर 180. वेग पावलांच्या संख्येतून वाढवायचा.

नडगीत जळजळ जवळपास सगळ्यांना होते, कारण चवडा वर धरणारा स्नायू थकतो. तो थकला की पाऊल फटकन आपटतं. आवाज आला की त्या दिवसाचं तंत्र संपलं, साधं चालत घरी जावं. भिंतीला पाठ टेकून, टाचा फूटभर पुढे ठेवून चवडे उचलावेत: 15 वेळा, असे तीन फेरे. हाडावर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल तर मात्र विश्रांती आणि डॉक्टर.

जाड फोमचे, उंच टाचेचे बूट इथे आडवे येतात. पातळ, लवचीक तळव्याचे घ्यावेत.

मुंबईत जागा निवडताना सपाटी आधी बघावी. मरीन ड्राइव्ह पहाटे उत्तम, प्रियदर्शिनी पार्कचा ट्रॅक त्याहून बरा. पेडर रोडचा चढ नको, चढावर गुडघा वाकतो आणि उतारावर पाय सुटतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर टाच घसरते, तेव्हा ते चार महिने फुटपाथ सोडून ट्रॅक गाठावा.

मास्टर्स स्पर्धांत 35 वर्षांपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. ट्रॅकवरची 5000 मीटर ही पहिली शर्यत म्हणून चांगली. नियम मोडायला आला की पंच पिवळं पॅडल, म्हणजे छोटी पाटी, दाखवतो; तो इशारा असतो. मोडलाच तर लाल कार्ड. तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं झाली की शर्यत संपू शकते.

महिन्यातून एकदा बाजूने, कंबरेच्या उंचीवरून मोबाइलवर चित्रण करून घ्यावं. स्लो मोशनमध्ये फक्त गुडघा बघावा. पाय सुटतोय का ते नेहमीच्या वेगातच बघावं. स्लो मोशनमध्ये तो भल्याभल्यांचा सुटलेला दिसतो, आणि पंच स्लो मोशन वापरत नाहीत.