जॉन स्मिथ नावाचा नागपूरकर

नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार स्पेनच्या यादवी युद्धात लढले, हे कळल्यापासून मी त्यांचा माग काढतो आहे. संघाचे पहिले सरकार्यवाह, बालाघाट दरोडा प्रकरणात तुरुंगवास, मग पत्रकारिता शिकायला लंडन, आणि १९३७च्या ऑक्टोबरात थेट बंडखोर जनरल फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या, देशोदेशींच्या स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये! अशा माणसाबद्दल मराठीत इतकं कमी लिहिलेलं असावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हुद्दार आडनावाने शोधून फारसं काही लागेना, कारण ते भरती झाले ‘जॉन स्मिथ’ म्हणून. ब्रिटनने परक्या देशाच्या सैन्यात भरती व्हायला मनाई करणाऱ्या १८७०च्या कायद्यावर बोट ठेवून स्पेनला लढायला जाणं गुन्हा ठरेल असं बजावलं होतं. त्यामुळे कित्येक जण पॅरिसचं शनिवार-रविवारचं तिकीट काढून निघत. त्याला पासपोर्ट लागत नसे. पुढे रात्रीच्या अंधारात पायी फ्रान्स-स्पेन सीमेवरचा पिरेनीज पर्वत ओलांडायचा. अशा प्रवासाची नोंद सरकारी कागदांत कुठून असणार?

मग नाव बाजूला ठेवून मी तुकडीचा पाठलाग सुरू केला. हुद्दार ब्रिगेडच्या ज्या ब्रिटिश बटालियनमध्ये होते, ती कोणत्या तारखेला कुठे होती, ते नकाशावर मांडत गेलो. ३१ मार्च १९३८ रोजी ईशान्य स्पेनमधल्या कालासेइते गावाजवळ तिची फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन रणगाड्यांशी अचानक गाठ पडली आणि शंभरावर माणसं पकडली गेली. उरलेले मागे हटत जवळच्या गांदेसा गावापर्यंत आले. हुद्दार कैद झाले ते एप्रिलमध्ये, याच गांदेसाला. म्हणजे यापुढे सैनिक नव्हे, कैदी शोधायचा होता.

उत्तर स्पेनमधल्या बुर्गोस शहराजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात परदेशी कैदी ठेवले होते. त्याबद्दल वाचताना मी सर्वांत जास्त थांबलो. वायेखो-नाखेरा हा फ्रँकोचा लष्करी मनोविकारतज्ज्ञ तिथे कैद्यांना प्रश्नावल्या भरायला लावत होता, मार्क्सवाद हा मनोविकारच आहे हे सिद्ध करण्यासाठी. गेस्टापो या नाझी जर्मनीच्या गुप्त पोलीस दलाची माणसं येऊन कैद्यांच्या डोक्यांची मापं घेत. आणि हेच कैदी आपसात वर्ग चालवत, हाताने लिहिलेलं वर्तमानपत्र काढत. लढाईच्या वर्णनांपेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

ब्रिगेडची मूळ दप्तरं मॉस्कोतल्या सरकारी अभिलेखागारात आहेत, संग्रह क्रमांक ५४५. त्यातला बराच भाग घरबसल्या पाहता येतो, फक्त रशियन याद्यांतून वाट काढण्याची चिकाटी हवी. लंडनला मार्क्स मेमोरियल लायब्ररीत स्वयंसेवकांचे कागद आहेत. लंडनमध्येच क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गुप्तचर खात्याच्या स्वयंसेवकांच्या याद्या आहेत, त्या २०११मध्ये खुल्या झाल्या. पण भारतीय माणूस शोधायचा तर ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचं, दप्तर आधी पाहावं, असं माझं मत झालं आहे. लंडनमधल्या भारतीय लोकांवर पाळत ठेवणारं वेगळं खातंच होतं आणि त्याच्या फायली तिथे आहेत. अर्थात पोलिसी कागद संशयाने लिहिलेला असतो. त्यातली तारीख घ्यावी, माणसाविषयीचं मत मात्र दुसरीकडे पडताळून पाहावं.

१९३८च्या अखेरीस सुटून हुद्दार लंडनमार्गे परतले आणि १९४०मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. आता मी १९३८-३९ची नागपूरची वृत्तपत्रं शोधतो आहे. विदर्भातल्या एखाद्या ग्रंथालयात किंवा कुणाच्या घरी त्या वर्षांच्या बांधीव फायली असतील, तर जरूर कळवा.