एका ‘त’ने लावलेलं लग्न

गोव्याला परमुलूख म्हटलं की तुम्ही तिकडे महाराष्ट्रात हसता. मग इथली देवनागरीत छापलेली कोंकणी कादंबरी उघडा. दामोदर मावजोंची ‘कार्मेलीन’ घ्या (१९८३ची साहित्य अकादमी), नाहीतर पुंडलीक नायकांची ‘अच्छेव’. पोर्तुगीज शब्दांना घाबरू नका. ‘जनेल’ म्हणजे खिडकी, ‘कदेल’ म्हणजे खुर्ची. अनोळखी शब्दाशी माणूस थांबतो, विचारतो. फसवतात ते ओळखीचे.

सगळ्यात वाईट घसरतो तो काळ. ‘लग्न जालें’ म्हणजे लग्न झालं. ‘लग्न जातलें’ म्हणजे होईल. शेवटचा ‘लें’ बघून मराठी डोळा दोन्हीकडे भूतकाळ वाचतो. तिथे नुसती बोलणी चाललेली असतात आणि आपण अक्षता टाकून मोकळे. पुढल्या पानावर मुलीचा बाप पैशांची जुळवाजुळव करताना दिसला की वाटतं, लेखकच विसरला! ‘पावस येतलो’ हेही तसंच, तो अजून यायचाय. क्रियापदात ‘ल’च्या आधी असा ‘त’ दिसला की बहुतेकदा भविष्यकाळ धरायचा. मालवणीवाले ‘येतलंय’ म्हणतच मोठे झालेत, त्यांनी हा परिच्छेद सोडावा.

‘जाय’ म्हणजे हवं, ‘नाका’ म्हणजे नको. ‘म्हाका वचूंक जाय’ म्हणजे मला जायला हवं. जाण्याचं काम ‘वच’कडे.

आणि ‘तें’. ‘तें आयलें’ वाचून अंगणात वासरू शिरलं असं वाटतं. आलेली असते वीस वर्षांची मुलगी. तरुण मुलीला इथे नपुंसकलिंग, वयाने मोठी बाई ‘ती’. आधी हे खटकतं, अपमानच वाटतो. पण ‘ते पोर’ आपणही म्हणतो, फक्त पोर मोठं झालं की सोडून देतो. कोण कोणाला ‘तें’ म्हणतंय यावर लक्ष ठेवलं तर घरातली जवळीक आपोआप कळते. त्याच कामाला प्रमाण मराठीत दोन विशेषणं खर्ची पडतात. कबूल करायला जड जातं, पण आहे खरं.

पहिली २० पानं मोठ्याने वाचा. डोळा चुकतो तिथे कान सावरतो. पुस्तक पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातलं असेल तर पेन्सिल लावू नका, क्रियापदं चिठ्ठीवर उतरवा. आणि चिठ्ठी बघून कोणी विचारलंच, तर ‘कोंकणी म्हणजे मराठीची बोलीच ना’ असं म्हणू नका. १९८७पासून इथली राजभाषा कोंकणी आहे, आणि त्या वादाला अजून ऊब आहे. निम्मं न शिकता कळतं म्हणून आपल्याला तसं वाटतं, एवढंच. उरलेल्या निम्म्यात वरचं लग्न आहे.