आधी प्रदर्शन, मग सिनेमा

संध्याकाळचा खेळ ३५ मिमीच्या प्रिंटवरून होणार होता, म्हणून दुपार त्याच इमारतीतल्या सिनेमाच्या प्रदर्शनासाठी राखून ठेवली. सोबत भाचा. त्याला जुन्या यंत्रांत काडीचाही रस नव्हता.

पोस्टर, पोशाख आणि काचेआडचे कॅमेरे आम्ही भराभर मागे टाकले. फलकांवर एवढा मजकूर की वाचणारा उभ्या उभ्या दमतो. पाय थांबले ते झोइट्रोपपाशी. गोल फिरणारा डबा, त्याला उभ्या फटी, आत चित्रांची पट्टी. फटींतून पाहिलं तर घोडा दौडतो. वरून डोकावलं तर सगळी चित्रं एकमेकांत मिसळून जातात. करामत चित्रांइतकीच मधल्या आडोशाचीही!

पुढे झाकण उघडं ठेवलेला प्रोजेक्टर होता आणि तो चालवून दाखवणारे एक काकाही. खरं प्रदर्शन तिथेच. चार खाचांचा माल्टीज क्रॉस फिल्म सेकंदाला २४ वेळा ओढतो आणि थांबवतो. चौकट सरकताना शटरचं पातं उजेड अडवतं. लुकलुक जाणवू नये म्हणून थांबलेल्या चौकटीवरूनही ते एकदा फिरतं, म्हणजे सेकंदाला ४८ झोत.

"मावशी, म्हणजे दोन तासांच्या सिनेमात जवळजवळ तासभर आपण अंधारच बघतो?"

काका खूश झाले. मग त्यांनी ध्वनीची पट्टीही दाखवली. आवाज त्याच्या चित्राशेजारी नसतोच, सुमारे २० चौकटी पुढे असतो. चित्राला हिसके लागतात, आवाजाला संथ सरकणारी फिल्म लागते; त्यामुळे तो वाचण्याची जागाच वेगळी. हे मलाही नवीन होतं.

जाता जाता काकांनी एक गुपित सांगितलं. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका उमटतो, की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका, की त्यावर चित्र न्यायचं.

झालं! सिनेमा सुरू झाल्यापासून भाच्याची नजर कोपऱ्यात आणि कोपर माझ्या बरगडीत. पहिला ठिपका त्यालाच दिसला. सुरुवातीची कथा तशी रेंगाळतच होती, त्यामुळे मीही त्या खेळात सामील झाले. मध्यंतरानंतर मात्र गोष्टीने अशी पकड घेतली की पुढची रिळं कधी बदलली, ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.