रेशनकार्डावर दोन नावं

सुप्रीम कोर्टाची तारीख म्हणजे काय ते आमच्या बेळगावच्या माणसाला सांगायला नको, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून तिथंच आहे. पण समलिंगी लग्नाची केस लटकलेली नाही, आपण ती हरलोय. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. सिव्हिल युनियन, म्हणजे लग्नाशिवाय जोडीदार म्हणून कायदेशीर मान्यता, आणि दत्तक मूल यावर चंद्रचूड आणि कौल आपल्या बाजूनं होते, बाकी तिघं नव्हते. फेरविचार याचिका पण ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या, उघड्या कोर्टात सुनावणी सुद्धा नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते केंद्राचं म्हणणं, की ही मागणी शहरातल्या उच्चभ्रू लोकांची आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पुनवेला जाऊन बघा की, डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेले जोगप्पा, देवीला वाहिलेले, बाईच्या वेषात राहणारे, कुठल्या उच्चभ्रू घरातनं आलेत? त्यांची गोष्ट वेगळी, माझी वेगळी हे मला कळतंय, पण आमच्यासारखी माणसं खेड्यापाड्यात नसतातच असं कसं म्हणता?

आम्ही दोघी एका घरात राहतो, भाडं, गॅस, किराणा सगळं एकत्र. तिचं ऑपरेशन ठरलं तेव्हा फॉर्मवर माझी सही चालली नाही, रक्ताचं नातं पाहिजे म्हणाले, मग निपाणीहून तिचे काका येईपर्यंत ती तशीच स्ट्रेचरवर, आणि काकांना तिला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते पण माहीत नव्हतं, ते मीच सांगितलं. लग्नाची वरात कुणाला पाहिजे हो, ती सही पाहिजे.

२०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलंय की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरा. बँकेत जॉइंट खातं काढायला अडचण नाही, हे पण स्पष्ट केलं. हे चांगलंच झालं, निकालातनं निघालेल्या कमिटीमुळं झालं. पण ही नुसती पत्रं आहेत, खानापूरच्या रेशन दुकानात कुणी नाही म्हटलं तर त्याच्यापुढं कायद्याचं कलम ठेवता येत नाही.

म्हणून आम्ही मृत्युपत्र केलंय, दोघींनी. नवराबायकोत एक गेला तर दुसरा आपोआप वारस असतो, आमच्यात कागद नसेल तर सगळं माहेरच्यांकडं जाणार, इतकी वर्षं एका घरात काढली तरी. आणि वकिलाची फी ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचं, हे आपल्या खासदारांना विचारा, कारण कोर्टानं चेंडू संसदेकडंच टाकलाय.