‘समक्ष’चा रकाना

रात्रपाळीला आलं की आधी कपाटाची किल्ली हातात येते आणि लगेच मोजणी. मॉर्फिन, फेंटॅनिल, पेथिडीन ही तीव्र वेदना शमवणारी पण सवय लावू शकणारी औषधं दुहेरी कुलपात असतात. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघींनी मिळून ती मोजायची, रजिस्टरातल्या शिलकीशी ताडून पाहायची आणि सह्या करायच्या. काम दोन मिनिटांचं. हात ॲम्प्यूल, म्हणजे औषधाच्या बंद काचेच्या कुप्या, सरकवत असतात आणि तोंडाने भलतंच काही बोलणं चाललेलं असतं, इतकं ते अंगवळणी पडलेलं.

त्या रात्री मोजणीच्या आधीच धाकट्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. “ताई, एक सही हवीय.”

रजिस्टरात तिने ओळ भरून ठेवली होती. मॉर्फिन, 10 मिलिग्रॅम, एक ॲम्प्यूल, फुटली, टाकून दिली. खाली तिची सही. शेजारचा ‘समक्ष’ हा साक्षीदाराच्या सहीचा रकाना रिकामा होता आणि वेळ लिहिली होती संध्याकाळची. त्या वेळी मी घरी होते.

काय झालं ते तिने एका दमात सांगितलं. ऑपरेशन होऊन आलेला पेशंट कळवळत होता. घाईघाईत ॲम्प्यूलची मान मोडताना ती बोटांतून निसटली आणि फरशीवर आपटली. हिने फरशी पुसली, काचा डब्यात टाकल्या, दुसरी ॲम्प्यूल काढली आणि पेशंटला डोस दिला. सोबतच्या सिस्टरला दुसऱ्या वॉर्डात पाठवलं होतं, त्यामुळे दाखवणार तरी कुणाला? नियम तसा साधा आहे. फुटली तर तिथेच थांबायचं, कुणाला तरी हाक मारायची, काचा दाखवायच्या आणि मगच पुसायचं. पण एकीकडे पेशंट ओरडतोय, दुसरीकडे दोन बेडच्या बेल वाजतायत, अशा वेळी नियम आठवतो तो सगळं पुसून झाल्यावर.

मी आधी पेशंटकडे गेले. तो शांत पडला होता. घड्याळ धरून त्याचे श्वास मोजले, मिनिटाला 14. दुखणं दहापैकी किती, असं विचारल्यावर त्याने तीन बोटं दाखवली. चार्टवर डोसच्या आधी 8 लिहिलेले होते. म्हणजे डोस पोचला होता, एवढं नक्की. फुटली म्हणून लिहिलेल्या ॲम्प्यूलचं काय झालं, हे मात्र चार्ट सांगू शकत नव्हता.

परत आले आणि म्हटलं, “ही सही मी नाही करू शकत गं. मी पाहिलं नाही.”

“मी खोटं बोलतेय असं वाटतं तुम्हाला?”

“नाही वाटत.”

“मग?”

मी गप्प राहिले. तेव्हा तिने जे सुनावलं ते मला चांगलंच लागलं. “ताई, तुम्ही तर चर्चला जाता. डबा उघडायच्या आधी डोळे मिटता. देवाच्या माणसाकडे एवढीशी दया नाही?”

मला वाटतं, ख्रिस्ती माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा प्रश्न येतोच. लोकांच्या मनात ख्रिस्ती म्हणजे मऊ, सोसणारा, दुसऱ्याला सांभाळून घेणारा. ते काही चूक नाही. बायबलातल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौलाने आत्म्याचं फळ सांगितलंय ते असं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. पण तिथे ममता आहे तसा विश्वासूपणाही आहे, आणि दोन्ही एकाच फळात. त्या रात्री माझ्यापुढे ही दोन टोकं एकमेकांना खेचत उभी होती. ममता म्हणत होती सही कर, विश्वासूपणा म्हणत होता करू नको.

दहा आज्ञांतली खोट्या साक्षीची आज्ञा आपल्याला पाठ असते. पण ती आहे शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीची. इथे माझी साक्ष शेजारणीच्या बाजूने जाणार होती. शिवाय बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. मिसरच्या राजाने, फारोने, इब्री मुलगे जन्मताच मारायला सांगितले, त्यांनी ते मारले नाहीत आणि राजाला भलतीच सबब सांगितली. देवाने त्यांचं भलं केलं, असं शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. सुइणी म्हणजे आमच्याच धंद्यातल्या पूर्वज. त्यांनी राजाला फसवलं, मग मला एका रजिस्टराचं एवढं काय?

हा प्रश्न टाकाऊ नाही. उत्तर मला मोजणीतच सापडलं. त्या सुइणींच्या शब्दावर बाळांचे जीव वाचत होते. आमची मोजणी मात्र पेशंटचा जीव आणि त्याची वेदना राखण्यासाठी असते. ही औषधं वॉर्डातून गायब होतात ती बहुतेकदा बाहेरच्या चोराच्या हातून नव्हे, किल्ली जवळ असलेल्याच्या हातून. हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. नर्स, डॉक्टर, भूलतज्ज्ञ, सवय कुणालाही लागू शकते. मग पेशंटला मॉर्फिनच्या नावाखाली नुसतं सलाइन जातं आणि चार्टवर ‘दिलं’ असं लिहिलं जातं. समोरची मुलगी निर्दोष असेल तर माझ्या खोट्या सहीने तिचं एक चौकशीचं झंझट वाचणार होतं. पण ती कशात अडकलेली असेल, तर त्याच सहीने मी तिला आत ठेवून बाहेरून कडी लावणार होते. मला तसा संशय नव्हता, पण संशय नसणं आणि डोळ्यांनी पाहणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो रकाना दुसऱ्या गोष्टीसाठी असतो.

खरं तर एवढा विचार मी तिथे उभ्या उभ्या केलाच नव्हता. ‘नाही’ तोंडातून आधी गेलं, हे सगळं पहाटे सुचलं. तो नकार आला कुठून, याचा मी नंतर शोध घेतला, आणि मला सापडले ते श्वास.

श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं. पेशंटच्या छातीकडे बघत, घड्याळावर नजर ठेवून, मनातल्या मनात आकडे म्हणायचे. रात्री तीन वाजता सगळा वॉर्ड झोपलेला असताना हे एक मिनिट फार मोठं वाटतं. म्हणून काय होतं, चार्टवर ओळीने 20, 20, 18, 20 असे आकडे उमटतात. नाडी यंत्र सांगतं, ताप थर्मामीटर सांगतो, पण श्वास माणसालाच मोजावे लागतात, आणि ते न मोजता लिहिले तर कुणालाही कळत नाही. मी नवी असताना एका वृद्ध इनचार्जने मला मोजायला लावलं होतं. ती प्रार्थना वगैरे काही करायची नाही, नुसती मागे उभी राहायची. पुढे कलस्सैकरांस पत्रातलं वाक्य माझ्या मनात याच कामाला चिकटलं: “जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.” हे वाक्य पौलाने दासांना उद्देशून लिहिलंय, हे आपण विसरतो. ज्यांच्या कामाचं कुणी कौतुक करणार नव्हतं, ज्यांना ते काम सोडताही येणार नव्हतं, त्यांना. रात्रपाळीवाल्यांना ते जवळचं वाटतं.

स्वभाव घडतो तो असा, पेन हातात असताना. मोठा प्रसंग आला की तो घडलेला की बिघडलेला तेवढं फक्त दिसतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सगळ्यांना आठवतो. पण ती देवाचं पाचारण मानून या कामात आली आणि क्रिमियाच्या युद्धानंतर मृत्यूच्या आकड्यांवर वर्षानुवर्षं काम करत बसली, 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीने तिला पहिली स्त्री सभासद करून घेतलं, हे नर्सिंगच्या शपथविधीत कुणी सांगत नाही. दिव्याचा फोटो चांगला येतो, रजिस्टराचा येत नाही.

असो. नकार देणं मला तितकंसं जड गेलं नव्हतं, आणि तेच मला खटकत होतं. माझं काय जाणार होतं? चौकशी तिची, मेमो तिचा, नोकरीवर टांगती तलवार तिच्या. प्रामाणिक मी, आणि किंमत तिने मोजायची. असा प्रामाणिकपणा फार स्वस्तात मिळतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही. तो खोटं बोलतोय असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. उपास, दशमांश, त्याने सांगितलं ते सगळं खरंच असेल.

इफिसकरांस पत्रात खरं बोलण्याचं जे कारण दिलंय ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आपापल्या शेजाऱ्याबरोबर खरे बोला, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. खरं बोलून तुमचे हात स्वच्छ राहतील, असं पौल म्हणत नाही. अवयव आहोत म्हणून, असं म्हणतो. म्हणजे माझ्या खरं बोलण्याने तिला दुखलं, तर ते मलाही दुखायला हवं. नुसता नकार देऊन मी मोजणी पुढे चालू केली असती, तर ते खरं झालं असतं, पण या वाक्यातलं झालं नसतं.

मी नाइट सुपरवायझरला फोन केला, तिच्यासमोरच. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मी तिला बायबलातलं वचन वगैरे काही सांगितलं नाही. रडणाऱ्या माणसावर वचन फेकणारे मला आवडत नाहीत. ऐकायला तत्पर, बोलायला मंद, ही याकोबाची शिकवण अशा वेळी तोंड मिटून पाळायची असते. पाणी दिलं. तिची पाळी संपली होती. ती थांबली, आणि मधल्या फेऱ्या उरकून मी परत परत तिच्याजवळ जाऊन बसत राहिले.

इन्सिडंट रिपोर्ट तिनेच लिहायचा होता. पहिला मसुदा नुसता गयावया करणारा होता, माफी, चूक, पुन्हा होणार नाही. मी म्हटलं, हे सगळं काढ. किती वाजता पेशंटने बेल वाजवली, ते लिही. किती वाजता कपाट उघडलंस, काच कुठे पडली, कशाने पुसलीस, कोणत्या डब्यात टाकलीस. तुझ्यासोबत कोण असायला हवं होतं आणि ती कुठे होती. कुणाला सांगितलंस आणि कधी. तू स्वतः सांगितलंस, मोजणीत पकडली गेली नाहीस, हेही लिही. ती लिहीत गेली तसा तिचा हुंदका कमी होत गेला. नुसते प्रसंग क्रमाने लिहून काढल्यावर तिलाच दिसलं की आपण गुन्हेगार नाही, एका भरलेल्या वॉर्डात एकटी पडलेली सिस्टर आहोत.

मलाही जबाब द्यायचा होता. सुपरवायझर म्हणाल्या, “तुम्ही पाहिलं नाही एवढंच लिहा. एक ओळ पुरे.”

एक ओळ खरी होती. पण तेवढीच लिहिली असती तर तिच्या गळ्याला फास बसला असता. मी लिहिलं की मी घटना पाहिलेली नाही. पुढे लिहिलं की पेशंटची तपासणी केली, श्वास 14, वेदना 3, म्हणजे डोस मिळाल्याशी जुळणारी स्थिती. आणि त्याच्याही पुढे लिहिलं की संध्याकाळच्या पाळीत दुसऱ्या सिस्टरला अन्यत्र पाठवल्यामुळे साक्षीदार उपलब्ध नव्हता, आणि असं याआधीही झालेलं आहे. दुसरीकडे पाठवण्याचा निर्णय कुणाच्या पातळीवर होतो, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

सुपरवायझरांनी कागद वाचला. “ह्या शेवटच्या वाक्याची गरज आहे का?”

“आहे,” मी म्हटलं. “ते मी पाहिलंय.”

पुढच्या ड्युट्या लागल्या तेव्हा त्या वाक्याची किंमत माझ्याही नावासमोर दिसली. सणवार, रविवार, सकाळची उपासना बुडेल अशा बरोबर त्याच पाळ्या. कुणी काही बोललं नाही. योगायोगही असेल. मला राग आला, आणि तो सूर्य मावळायच्या आत गेला असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण आता निदान बिलात माझाही वाटा होता, आणि तिच्यासमोर उभं राहताना मला आधीसारखं अवघडल्यासारखं होत नव्हतं.

चौकशी झाली. काचा पक्क्या बंद डब्यात गेल्या होत्या, तो डबा उघडायचा नसतो, त्यामुळे पुरावा असा मिळालाच नाही. तिच्या आधीच्या नोंदी तपासल्या, त्या नीट होत्या. लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. दोघी सिस्टर हजर असल्याशिवाय ते कपाट उघडायचं नाही, असा आदेश निघाला आणि संध्याकाळी सोबतीला कुणी ना कुणी राहू लागलं. ती ॲम्प्यूल खरोखर फुटली होती का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझा विश्वास आहे. प्रार्थनेत तिचं नाव घेताना हा प्रश्न मी मध्ये आणत नाही.

तिने माझ्याशी बोलणं टाकलं. कामापुरतं होय-नाही, बाकी काही नाही. आमच्या पाळ्या एकत्र आल्या की ती कपाटापाशी माझी वाट पाहत उभी राहायची, ॲम्प्यूल मला दिसेल अशी उचलून धरायची, उरलेलं औषध माझ्या डोळ्यांदेखत सांडायची आणि पेन माझ्या हातात द्यायची. सगळं अगदी नियमानुसार आणि अगदी थंडपणे. मीही तसंच करायचे. सौम्यता म्हणजे लगेच गोड होणं नव्हे, हे तेव्हा फार कामाला आलं.

एकदा सही करून रजिस्टर मिटताना ती म्हणाली, “ताई, तुमच्या जागी मी असते तर सही केली असती.”

“ठाऊक आहे मला.”

“माझा राग गेलेला नाही अजून.”

“बरं,” मी म्हटलं. “पाच नंबरचे श्वास मोजायचेत, तू मोजतेस की मी मोजू?”

“मी मोजते,” असं म्हणून तिने मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं.