खडक थंड कधी झाला, हे शोधताना

प्रबंधासाठी मी आणलेले अकराही नमुने एकाच डिटॅचमेंट भ्रंशाच्या खालच्या बाजूचे होते. भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात; डिटॅचमेंट म्हणजे कमी उताराचा मोठा भ्रंश. भूकवच ताणलं गेलं की वरचा थर त्यावरून घसरत बाजूला होतो आणि दहा-पंधरा किलोमीटर खोलीवरचा गरम खडक हळूहळू उघडा पडतो. हे कधी घडलं आणि किती वेगाने, एवढंच मला शोधायचं होतं.

सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खडकाचं वय विचारू नकोस. तो अमुक तापमानाच्या खाली कधी आला, ते विचार." हॉर्नब्लेंड या खनिजातला अरगॉन वायू साधारण ५०० अंश सेल्सिअसला आत अडकतो, बायोटाइट या खनिजातला ३०० च्या आसपास. अपॅटाइट या खनिजात युरेनियम-२३८ च्या विखंडनाने, म्हणजे अणू फुटल्याने, पडलेले ओरखडे ११० अंशांच्या खाली टिकू लागतात. मला शेवटचा टप्पा हवा होता, म्हणून मी अपॅटाइट घेतलं.

दगड फोडा, चाळा, पाण्याच्या टेबलावर जड कण वेगळे करा, चुंबकाने बायोटाइट काढा. मग जड द्रव: आधी क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार तरंगतात, अपॅटाइट बुडतं. त्याहून जड द्रवात अपॅटाइट तरंगतं, झिर्कॉन तळाला जातं. दोन किलो दगडातून शेवटी चिमूटभर पांढरी पूड हातात येते. ती पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा मी बराच वेळ उठलोच नाही.

पुढे मोठी चूक झाली. ओरखडे दिसावेत म्हणून कण इपॉक्सीत बसवून, पॉलिश करून ५.५ मोलर नायट्रिक ॲसिडमध्ये २१ अंशांना २० सेकंद बुडवायचे असतात. ॲसिडचं तापमान मी तपासलंच नाही. ते जास्त गरम होतं. ओरखडे फुगले, एकमेकांत मिसळले, मोजण्याजोगे राहिले नाहीत. तीन नमुन्यांचे कण नव्याने इपॉक्सीत बसवावे लागले. त्यानंतर थर्मामीटर पाहिल्याशिवाय मी बीकरला हात लावला नाही.

ओरखडे आणि युरेनियम यांच्या प्रमाणावरून वय निघतं; युरेनियम मोजता यावं म्हणून नमुने अणुभट्टीत पाठवले होते. ते परत आल्यावर मोजणी सुरू झाली. भ्रंशाचा वरचा थर ज्या दिशेने सरकला, त्या दिशेने वयं कमी होत गेली. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावरही असंच दिसतं, तिथे खडकांची वयं उत्तरेकडे कमी होत जातात. अंतर आणि वय यांच्या आलेखाचा उतार म्हणजे भ्रंश सरकण्याचा वेग. माझा दर दहा लाख वर्षांना जवळपास पाच किलोमीटर, म्हणजे वर्षाला पाच मिलिमीटर निघाला.

खोलीच्या हिशोबात मात्र मी फसलो. दर किलोमीटरला २५ अंश धरून ११० अंश म्हणजे चार-साडेचार किलोमीटर, असं लिहून टाकलं होतं. सर म्हणाले, "हे प्रमाण तेव्हाही इतकंच होतं, हे कशावरून?" बरोबर होतं त्यांचं. खडक झपाट्याने वर येतो तेव्हा उष्णताही बरोबर आणतो, समतापरेषा, म्हणजे समान तापमानाच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वर सरकतात आणि ११० अंश कितीतरी कमी खोलीवर सापडतात. उष्णतेचं मॉडेल चालवायला आणखी दोन महिने गेले.

सगळ्यात मोलाचं मात्र मी जवळजवळ टाकून दिलं होतं. उलट्या टोकाच्या दोन नमुन्यांची वयं इतरांच्या दुपटीहून जास्त होती. मला वाटलं, मोजणी बिघडली. मग ओरखड्यांची लांबी पाहिली. बाकीच्यांची सरासरी १४ मायक्रॉनच्या वर होती, म्हणजे ते झटकन थंड झालेले. या दोघांची १२ च्याही खाली. ६० ते १२० अंशांच्या पट्ट्यात खडक दीर्घकाळ पडून राहिला, की ओरखडे असे आखूड होतात. ताण सुरू होण्याआधीच हे दोघे उथळ जागी त्या पट्ट्यात होते. बाकीचे नऊ त्यांच्याखाली, जास्त गरम. ताणापूर्वीची खोली कुठून मोजायची, ते आता कळलं होतं. तो आलेख मी त्याच रात्री पुन्हा काढला, अकराही बिंदू ठेवून.